वरचं घर

वडोदऱ्यातली एक छोटी मराठी संस्था, नदीकाठच्या तीन सोसायट्या आणि तोंडावर आलेला पावसाळा : एक प्रकरण अभ्यास

२७ ऑगस्ट २०२४ ची पहाट. आदल्या रात्री जन्माष्टमी झाली होती. आजींनी बाळकृष्णाचा पाळणा हलवून सुंठवड्याची वाटी देव्हाऱ्यापाशी झाकून ठेवली होती. साडेपाचच्या सुमाराला न्हाणीघरातून बुडबुड आवाज यायला लागला म्हणून त्यांना जाग आली. पलंगावरून पाय खाली सोडला तो थेट पाण्यातच. पुढच्या दाराशी अजून पाणी पोचलं नव्हतं. मोरीच्या जाळीतून ते वर आलं होतं.

आजी ७८ वर्षांच्या. एकट्या राहतात, मुलगा पुण्याला नोकरीला. दोन्ही गुडघे धरलेले, दिवसातून दोनदा इन्सुलिन. वीज गेली होती. कशाबशा जेवणाच्या टेबलावर चढून बसल्या आणि तिथून त्यांना दिसलं की फ्रिज आडवा होऊन तरंगतो आहे. भरलेला फ्रिजही तरंगतो हे आमच्यापैकी कुणालाच तोवर ठाऊक नव्हतं. इन्सुलिन त्याच फ्रिजच्या दारात होतं. दहाच्या सुमाराला वरच्या मजल्यावरचे भाई आपली स्कूटर बघायला जिना उतरले, तेव्हा आतून कुणी हाका मारतंय असं त्यांना ऐकू आलं. तोवर पाणी कमरेला लागलं होतं. त्यांनी आणि त्यांच्या मुलानं आजींना खुर्चीत बसवून वर नेलं. दोन दिवस त्या घरानं आजींना आईसारखं सांभाळलं, पण इन्सुलिन कुठून आणणार? २९ तारखेला पाणी उतरायला लागलं तेव्हा साखर चढून आजी ग्लानीत होत्या. दवाखान्यात न्यावं लागलं. त्या बऱ्या होऊन घरी आल्या हे नशीब.

त्या दोन दिवसांत, त्यांच्या घरापासून पाचशे पावलांवर, आम्ही खिचडी शिजवत होतो.

मी या संस्थेची कार्यवाह आहे. संस्था अगदी लहान. आमच्या आजोबांच्या पिढीनं वडोदऱ्यातल्या गरजू मराठी कुटुंबांतल्या मुलांच्या फिया आणि आजाऱ्यांची औषधं यासाठी पैसे गोळा करून ती उभी केली. मुदत ठेवीचं व्याज, वर्षाची वर्गणी आणि गणपतीत ठेवलेली दानपेटी, एवढ्यावर ती चालते. पूर आला की खिचडी, बिस्किटं, जुने कपडे वाटायचे, हे २००५ पासून आमच्या अंगवळणी पडलेलं. २०१९ लाही तेच केलं, २०२४ लाही. आजींची हकिगत आम्हाला चौथ्या दिवशी कळली आणि त्या दिवसापासून मला ती खिचडी आठवली की घास गोड लागत नाही.

नदीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण बाहेरगावच्या वाचकाला वाटेल की पूर म्हणजे काठ फोडून आलेलं पाणी. विश्वामित्री पावागडावरून निघते, वडोदऱ्याच्या मधून वळणं घेत जाते, पुढे ढाढरला मिळते आणि खंभातच्या आखाताकडे जाते. शहराच्या वरच्या अंगाला आजवा सरोवर आहे. सयाजीराव महाराजांच्या काळात, १८९२ साली, शहराला नळाचं पाणी मिळावं म्हणून ते बांधून झालं. आजही शहराचा काही भाग त्याच पाण्यावर आहे. शहरात पाऊस, पावागडाच्या अंगाला पाऊस आणि आजवा आणि प्रतापपुरा या तलावांचं सोडलेलं पाणी, ही तिन्ही एका वेळी आली की नदी फुगते. ती किती फुगली हे काळाघोड्याच्या पुलाशी मोजतात. २६ फूट ही धोक्याची खूण. ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा नदी ३४ फुटांच्या वर गेली होती. २०२४ ला ती ३५ फूटही ओलांडून गेली.

पण आमच्या समा-कारेलीबाग पट्ट्यात पाणी नदीच्या बाजूनं येण्याआधी मागून येतं. शहरातलं पावसाचं पाणी नदीला नेणारे मोठे ओढे आहेत, त्यांना इथं कांस म्हणतात. भूखी कांस, रूपारेल कांस, मसिया कांस ही नावं वडोदऱ्याच्या माणसाला पाठ असतात. नदीची पातळी चढली की कांसाचं तोंड बुडतं, आतलं पाणी बाहेर पडू शकत नाही, उलटं फिरतं आणि गटारांतून, मोऱ्यांतून घरात उगवतं. म्हणून रस्ता कोरडा दिसतो आहे म्हणजे आपण सुखरूप आहोत, हा हिशेब इथं चुकतो. आजींचा तसाच चुकला.

या सगळ्यात एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा टोचत राहिली. २६ तारखेला दिवसभर पाऊस कोसळत होता. नदी चढते आहे हे संध्याकाळी सगळ्यांच्या फोनवर होतं. संध्याकाळी साडेसहापासून पहाटे साडेपाचपर्यंत आजी कोरड्या घरात बसून होत्या. अकरा तास. वर जायला अकरा पायऱ्या.

चुकलेला प्रश्न

दिवाळी झाल्यावर आम्ही घरोघर जायचं ठरवलं. तीन सोसायट्या निवडल्या. त्यांतल्या दोन सोसायट्या तीन मजली फ्लॅटच्या, लिफ्ट नसलेल्या, आणि एक टेनामेंटची, म्हणजे छोट्या घरांची, रांग. तळमजल्यावरची घरं ३८. विद्यापीठात शिकणाऱ्या चार मुली आणि आम्ही पाच-सहा निवृत्त माणसं. अर्ज मराठीत आणि गुजरातीत छापला होता. पहिला प्रश्न होता, तुमचं काय नुकसान झालं?

पहिल्या रविवारी आम्ही परत आलो ते फ्रिज, सोफा, गाद्या, वॉशिंग मशीन, लग्नाचे अल्बम यांची लांबच लांब यादी घेऊन. यादी खरीच होती. कापसाची गादी एकदा भिजली की चार माणसांना उचलत नाही, वाळत नाही, शेवटी कचऱ्याच्या गाडीत जाते, आणि तिच्याबरोबर घरातल्या बाईचा धीरही जातो, हे मी स्वतः पाहिलं आहे. त्या वर्षी ७ सप्टेंबरला गणपती बसले. आम्ही सजावट केली नाही, त्या पैशांतून गाद्या घेतल्या. पण ही यादी वाचून पुढच्या पावसाळ्यासाठी आम्ही काय करायचं, ते काही कळेना. त्यातून फार तर आणखी गाद्या सुचत होत्या.

मुलींपैकी एकीनं सुचवलं की प्रश्न बदलू या. दुसऱ्या रविवारी आम्ही विचारलं, पाणी आलं त्याच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही काय करत होता?

आणि लोक बोलायला लागले. कुणी वॉशिंग मशीनखाली विटा लावत होतं. कुणी मुलाच्या फोनची वाट बघत होतं, तो निघा म्हणाला की निघायचं. एक काका दर अर्ध्या तासानं अंगणातल्या पायरीवर खडूनं रेघ मारून पाणी किती चढलं ते बघत होते, आणि पायरी कोरडी असतानाच आतली मोरी भरली. एका घरी नवरा-बायकोचा वाद चालला होता, की नणंदेकडे मांजलपूरला जायचं की नाही. बहुतेकांना ‘जावं’ असं वाटत होतं. कुठं जायचं ते ठरत नव्हतं.

मग मी आजींना सरळच विचारलं, तुम्ही संध्याकाळीच वर का नाही गेलात? त्या म्हणाल्या, “अगं, बोलावल्याशिवाय कसं जायचं? त्यांच्याकडे सुना-नातवंडं. रात्री आपली वळकटी घेऊन दारात उभं राहायचं?” बावीस वर्षं शेजार आहे. वाटीभर साखर, दिवाळीचा फराळ, सगळं खालच्या ओट्यावर. जिना चढून त्यांच्या घरात त्या दोनदाच गेल्या होत्या, दोन्ही वेळा लग्नाच्या निमित्तानं. वरच्या भाईंच्या घरातल्या बेनना विचारलं तर त्या म्हणाल्या, मला वाटलं, बा (आजींना त्या असंच म्हणतात) फार मानी आहेत, आम्ही चला म्हटलं आणि त्यांना वाईट वाटलं तर?

दोन्ही घरं भली आहेत. दोन्ही घरांत माया आहे. मधल्या अकरा पायऱ्यांवर संकोच बसला होता, आणि त्याची किंमत एक जीव होता होता राहिली. आमच्या सगळ्या योजनेचा जन्म या दोन उत्तरांत आहे.

योजना

तिचं नाव आम्ही ‘वरचं घर’ ठेवलं. तळमजल्यावरच्या प्रत्येक घराला पावसाळ्याआधीच, कोरड्या महिन्यात, एक वरचं घर ठरवून द्यायचं. दोन्ही घरांची माणसं एकदा समोरासमोर बसतात, चहा होतो, आणि कोण कुठं झोपेल, किती माणसं येतील, कुणाला कमोड लागतो, कुणाला रात्री दिवा लागतो, हे बोलून घेतात. एका कागदावर दोन्ही घरांची नावं, फोन आणि वरच्या घरानं लिहिलेलं एकच वाक्य : ‘आमच्याकडे यायचं, विचारायचं नाही.’ तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवायचा. आमंत्रण आधीच दिलेलं असलं की ऐनवेळी कुणाला कुणापुढे हात पसरावा लागत नाही. संस्था मध्ये असल्यामुळे मागणारा कुणी नाही आणि उपकार करणाराही कुणी नाही. ही मध्यस्थी हेच आमचं मुख्य काम आहे असं मी आता मानते. गाद्या आणि खिचडी कुणीही देऊ शकतं.

केव्हा जायचं याच्या खुणा पक्क्या केल्या. काळाघोड्याशी नदी १८ फुटांवर गेली की फोन. २२ फुटांवर औषधाची पिशवी वर. २४ फुटांवर माणसं वर, म्हणजे धोक्याची खूण यायच्या आधी. आणि नदी चढती असताना अंधार पडत असेल तर आकडा न बघता रात्री आठपर्यंत वर. आकडा बघायचं काम तीनच माणसांचं, तेही महानगरपालिकेनं जाहीर केलेलाच आकडा. धरण फुटल्याचे खोटे संदेश पुरात हमखास फिरतात, ते पुढे पाठवायचे नाहीत.

फोनची साखळी वीज असतानाच उपयोगी पडते, हेही मागच्या वर्षी शिकलो. पाणी चढलं की वीज बंद करावी लागते, ती बंद झाली की पाण्याची मोटर बंद, आणि दिवसाभरात गच्चीवरची टाकी रिकामी. म्हणजे चार माणसं जास्तीची आली की वरच्या घराचंही पाणी संपतं. म्हणून १८ फुटांचा फोन वरच्या घरालाही जातो : बादल्या, हंडे, कुकर, जे असेल ते भरून ठेवा, फोन चार्ज करा.

पिशवीचं थोडं सविस्तर सांगते, कारण इथं आमचा सगळ्यात जास्त वेळ गेला. सात दिवसांची औषधं. डॉक्टरांच्या चिठ्ठीची झेरॉक्स. जुना चष्मा. कवळीची डबी. कानाच्या यंत्राचे सेल. आधार आणि पासबुक प्लास्टिकच्या पाकिटात. बॅटरी. नातेवाइकांचे फोन नंबर कागदावर, कारण फोन बंद पडला की आजकाल मुलाचासुद्धा नंबर कुणाला पाठ नसतो. इन्सुलिनबद्दल आमच्या ओळखीच्या डॉक्टरांनी समजावलं : न उघडलेली बाटली फ्रिजमध्येच, दोन ते आठ अंश तापमानात, पण वापरात असलेली बाटली फार उष्णता नसेल तर साधारण चार आठवडे बाहेर टिकते, आणि वीज गेली तर कोरड्या डबीत घालून ती पाण्यानं ओल्या केलेल्या माठाच्या गारव्यात ठेवता येते. त्यामुळे नियम असा झाला, की पावसाळ्याचे चार महिने जास्तीची बाटली वरच्या घराच्या फ्रिजमध्ये राहील. आजींची बाटली आता वर आहे. डबीवर वरच्या बेनच्या सुनेनं गुजरातीत ‘बा’ असं लिहिलं आहे.

जास्तीचं औषध ज्यांना परवडत नाही त्यांना संस्था घेऊन देते. आमचा बहुतेक पैसा यातच जाणार आहे.

जिन्याखाली कोण राहतं?

आमचा अर्ज फ्लॅटच्या नंबरावर भरायचा होता. तळमजल्यावरची ३८ घरं म्हणजे ३८ अर्ज. तिसऱ्या फेरीत त्याच मुलीनं, जिनं प्रश्न बदलायला लावला होता, विचारलं, “काकू, जिन्याखाली कोण राहतं?”

वॉचमन राहतो. दाहोदकडचा आहे. बायको चार घरी भांडी करते, नऊ वर्षांची मुलगी, तीन वर्षांचा मुलगा. मीटरच्या पेट्यांशेजारी दहा बाय आठची खोली, तिला नंबर नाही, म्हणून आमच्या कागदावर ती नव्हती. २७ ऑगस्टला पाणी सगळ्यात आधी त्यांच्या खोलीत शिरलं होतं. गच्चीच्या दाराला कुलूप होतं, किल्ली सेक्रेटरींकडे आणि सेक्रेटरी गावाला. चौघांनी सगळा दिवस आणि रात्र वरच्या जिन्याच्या वळणावर काढली, माणसं त्यांना ओलांडून ये-जा करत होती. त्यांच्या हातात आमच्या खिचडीची पाकिटं पडली होती का, हे मी त्या बाईला विचारलं. ती म्हणाली, तुमची माणसं फाटकाशी आवाज देत होती, पण पोरांना सोडून पाण्यात कशी उतरू?

मी शिक्षिका होते. वर्गात गैरहजर मुलाचं नाव घेतलं जातं तरी, इथं तर हजेरीपटावर नावच नव्हतं. या चुकीची जबाबदारी माझी आहे. अर्ज मी तयार केला होता.

बैठकीत यावर मोठा वाद झाला. ज्येष्ठ विश्वस्त म्हणाले, न्यासाच्या दस्तात ‘गरजू महाराष्ट्रीय कुटुंबे’ असं स्पष्ट लिहिलं आहे, चॅरिटी कमिशनरकडे तशीच नोंद आहे, उद्या कुणी हिशेब विचारला तर? त्यांचं म्हणणं कोतं नव्हतं. न्यासाचा पैसा न्यासाच्या उद्देशाबाहेर जाता कामा नये, ही शिस्त त्यांच्या पिढीनं पाळली म्हणून संस्था टिकली. पण दुसरी बाजूही तितकीच खरी होती. आमची योजनाच मुळी गुजराती घरांच्या जिवावर उभी आहे. वरची बहुतेक घरं त्यांची. त्यांच्याकडून दार उघडून घ्यायचं आणि जिन्याखालच्या माणसाला तू आमचा नाहीस म्हणायचं, हे मला तरी जमणार नव्हतं, आणि मी तसं बैठकीत बोलले. शेवटी ठरलं असं : उद्देशात बदल व्हावा म्हणून रीतसर अर्ज करायचा, आणि तोवर इतर कुटुंबांवर होणारा खर्च आमच्यापैकी काही जणांनी स्वतःच्या खिशातून करायचा. ज्येष्ठ विश्वस्तांनीच पहिलं पाकीट काढलं.

वॉचमनच्या कुटुंबाला वरचं घर मिळायला तीन फेऱ्या लागल्या. कुणी तोंडावर नाही म्हटलं नाही. आमच्याकडे पाहुणे असतात, आमच्याकडे कुत्रा आहे, अशी उत्तरं आली. दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या एका निवृत्त नर्सबाईंना हे कळलं तेव्हा त्यांनी आम्हाला बोलावून घेतलं आणि म्हणाल्या, “मला का नाही विचारलंत? मी एकटी आहे म्हणून?” आता तो कागद त्यांच्या कपाटाला आहे. गच्चीच्या किल्लीच्या तीन प्रती करून घेतल्या, एक वॉचमनकडे.

खाण्यापिण्याचा प्रश्न मला वाटला होता त्यापेक्षा सोपा निघाला. एका जैन कुटुंबाला आमच्या एका काकांच्या सुकटीची धास्ती होती. काकांनी स्वतःच सांगितलं, दोन दिवस भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाईन, त्यात काय. मिटलं.

सराव

एप्रिलमधल्या एका रविवारी सकाळी पहिला सराव घेतला. वर चढू न शकणारी माणसं असलेली घरं ११. प्लास्टिकच्या खुर्चीत माणूस बसवून जिन्यानं न्यायचा, एक जण वरून पाठ धरतो, एक जण खालून पुढचे पाय. आधी एका धडधाकट मुलाला बसवून पाहिलं. चौथ्या पायरीवर खुर्चीचा पाय वाकला. लाकडी खुर्ची घेतली, पोटाशी चादर बांधली. ती खुर्ची जिन्याच्या वळणावर वळेना, बसलेल्याचे गुडघे भिंतीला घासायला लागले. तिसऱ्या प्रयत्नाला हात नसलेली, अरुंद लाकडी खुर्ची सापडली, ती जमली. दोघांनी मिळून एका माणसाला वरपर्यंत न्यायला मग तीन-चार मिनिटं पुरली आणि आम्ही खूश झालो.

मग खऱ्या माणसाची पाळी आली. ८४ वर्षांचे आजोबा, डाव्या अंगावरून वारं गेलेलं. ते खुर्चीकडे बघत राहिले आणि म्हणाले, “मला चौघांनी उचलायची वेळ येईल तेव्हा उचला. आत्ता नको.”

सगळे गप्प झाले. त्यांची सून रडायला लागली. मला पहिल्यांदा वाटलं की हे हट्ट करतायत, समजूत काढावी. पण त्यांनी कठड्याला हात घातला आणि पहिली पायरी चढले. थांबले. दुसरी चढले. वळणावर कुणीतरी स्टूल आणून ठेवलं, त्यावर बसले, पाणी प्यायले, पुन्हा उठले. मुलगा एक पायरी मागे, हात न लावता. वर पोचले तेव्हा वरच्या घरातल्या छोट्या मुलीनं टाळ्या वाजवल्या आणि आजोबा हसले.

त्यांना चौदा मिनिटं लागली. पाणी यायच्या आधी कुणाकडेही चौदा मिनिटं असतात. पाणी आल्यावर चार मिनिटंही नसतात, म्हणून मग माणसाला उचलावं लागतं. त्या दिवशी आमच्या योजनेचा क्रम बदलला. खुर्ची शेवटचा उपाय म्हणून राहिली, आणि प्रत्येक वळणावर एक स्टूल कायमचं ठेवलं. ११ पैकी सात जणं आपल्या पायांनी वर जाऊ शकतात, वेळ दिला तर. उरलेल्या चौघांना उचलावंच लागेल. त्यासाठी नीट शिक्षण हवं. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची सहावी तुकडी वडोदऱ्याजवळ जरोदला आहे, त्यांच्याकडे प्रशिक्षणासाठी आम्ही पत्र दिलं आहे.

एक नियम मात्र सरावाआधीच केला होता आणि त्यात तडजोड नाही : आमचा एकही स्वयंसेवक पुराच्या पाण्यात उतरणार नाही. विश्वामित्रीत मगरी आहेत, फेब्रुवारी २०२५ च्या गणनेत ४४२ मोजल्या गेल्या, आणि मागच्या पुरात त्या वस्त्यांमध्ये शिरल्या होत्या. त्याहून मोठी भीती उघड्या गटारांची आणि पाण्यात पडलेल्या विजेच्या तारांची. पाणी गल्लीत आलं की आमचं काम संपलं. त्यापुढे १०१, १०८ आणि जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाचा १०७७. मुलींना हे पटायला जड गेलं. २०१९ च्या पुरात तान्ह्या बाळाला टबमध्ये ठेवून, तो टब डोक्यावर धरून, गळ्याइतक्या पाण्यातून नेणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याचं छायाचित्र सगळ्यांनी पाहिलं आहे, आणि तसं काही आपल्या हातून घडावं असं विशीत वाटतंच. पण पाण्यात उतरलेल्या स्वयंसेवकाला वाचवायला पुन्हा तिसरं कुणी लागतं.

हे सगळं करूनही पूर थांबत नाही, हे मला माहीत आहे. नदीचं पात्र, तिच्या काठची बुजवलेली कोतरं, म्हणजे घळी, कांसांवर आलेली बांधकामं, ही कामं महानगरपालिकेची आणि सरकारची. हे मी लिहिते आहे त्या मे २०२५ मध्ये नदी खोल-रुंद करण्याचं मोठं काम चालू आहे, रात्री दिवे लावून यंत्रं चालतात. त्याचा फायदा व्हावा अशी मनापासून इच्छा आहे. तरीही आमची खूण २४ फुटांवरून आम्ही वर नेलेली नाही. एक पावसाळा बघू.

काळजी वेगळ्याच गोष्टीची आहे. समजा जुलैत दोनदा २४ फूट झाले, माणसं दोनदा वर गेली आणि पाणी आलं नाही, तर तिसऱ्यांदा ती जातील का? वरची घरं कंटाळतील का? यावर आम्ही एवढंच ठरवलं की जूनपासून महिन्यातून एक संध्याकाळ सगळ्यांनी आपापल्या वरच्या घरी चहाला जायचं, पाऊस असो वा नसो. पायऱ्यांची सवय राहील. आजी तर रोजच जातात, संध्याकाळचं इन्सुलिन त्या आता वरच घेतात. बेनची सून टोचायला शिकली आहे.

दुसरा सराव १ जूनच्या रविवारी, रात्री, दिवे बंद करून आहे. बॅटऱ्या आल्या आहेत. शिट्ट्याही आल्या, त्यातली एक वॉचमनच्या मुलीकडे आहे, कारण फाटकाशी कोण आलं-गेलं हे तिच्याइतकं कुणाला कळत नाही.

राहिली आहेत टेनामेंटची घरं. त्या रांगेत सहा घरं एकमजली आहेत, वर नुसती गच्ची, तिथं म्हाताऱ्या माणसाला पावसात रात्रभर ठेवता येत नाही. त्यांचं वरचं घर दुसऱ्या गल्लीत शोधावं लागतं, म्हणजे २४ फुटांची वाट न बघता २२ वरच निघायचं. चार घरांचं जमलं. दोन राहिलीत. एका घरी अंथरुणाला खिळलेली आई आहे आणि दुसऱ्या घरी दोन म्हाताऱ्या बहिणी, ज्यांना आपली मांजरं सोडून यायचं नाही. उद्या संध्याकाळी मी आणि नर्सबाई पुन्हा त्या गल्लीत जाणार आहोत. मांजरांसाठी एक टोपली बरोबर घेतली आहे.